सहा आधार आणि एक आरसा

विज्ञानाच्या इतिहासात शोधांची नावे टिकतात; आरसा धरून ठेवणाऱ्या चौकटीची दखल सहसा कोणी घेत नाही. तरीही छंद म्हणून लेसरचे प्रयोग करणारा माणूस हलवता येणारा आरसाधारक निवडतो, तेव्हा तो नकळत दीडशे वर्षांपूर्वीच्या एका विचाराचा आधार घेत असतो.

१८७६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे वैज्ञानिक उपकरणांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या मार्गदर्शक ग्रंथात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी उपकरणरचनेची तत्त्वे मांडली. घन वस्तू सहा प्रकारे हलते: तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. म्हणून तिला स्थिर करण्यास योग्य जागी दिलेले सहा आधार पुरेसे होतात. सातवा आधार आला की घडणीतला सूक्ष्म दोषही वस्तूवर ताण आणतो. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रचनेत हेच तत्त्व दिसते. तीन पायांपैकी एक खळग्यात, दुसरा खाचेत आणि तिसरा सपाट पृष्ठावर टेकतो. तीन, दोन आणि एक मिळून सहा आधार होतात.

१९६० च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी पहिला हेलियम-निऑन लेसर चालवला. त्याचे दोन सपाट आरसे अत्यंत काटेकोरपणे समांतर हवे होते आणि किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता. आरसे नेमके जुळवणे हाच त्या प्रयोगाचा कस होता. १९६४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात घरी गॅस लेसर बांधण्याची माहिती आली आणि तोच प्रश्न घरगुती कामाच्या टेबलावर येऊन पोहोचला.

आज धारक निवडताना आपण चकाकीपेक्षा हा हिशेब पाहावा. स्क्रूला इंचामागे ८० आटे असतील, तर एका फेऱ्यात तो सुमारे ०.३२ मिलिमीटर सरकतो. टेकूपासून स्क्रू ५० मिलिमीटरवर असल्यास ५ मीटरवरचा ठिपका सुमारे ६ सेंटिमीटर हलतो. १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांनी तो २० सेंटिमीटर हलेल. स्प्रिंग पुरेशी ताठ हवी, नाहीतर धक्क्याने किरण भरकटतो, आणि भरकटलेला किरण डोळ्यांना इजा करू शकतो. आरसा मात्र आवळून बसवू नये. दाबाने काच वाकते व ठिपका विस्कटतो.

वृत्तबंधाचा अभ्यास करणाऱ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. बंधन किती हवे, हा प्रश्न मॅक्सवेल यांनी मोजून सोडवला आणि त्यामुळे अचूकता केवळ निष्णात कारागिरांची मिरास राहिली नाही. साध्या हातांनी घडवलेली चौकटही दर वेळी त्याच जागी बसू शकते. हौशी प्रयोगकर्त्याला त्यांनी दिलेला हा वारसा आम्हांला लेसरच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.