शालेय सौर छत प्रकल्प (महाराष्ट्र)

शालेय सौर छत प्रकल्प म्हणजे शाळेच्या इमारतीच्या छतावर सौर पॅनेल बसवून शाळेपुरती वीज निर्माण करण्याची व्यवस्था होय. शाळेचा वीजवापर मुख्यतः दिवसा होतो व सौर वीजही दिवसाच मिळते. त्यामुळे घरांपेक्षा शाळांना ही व्यवस्था अधिक सोयीची ठरते.

क्षमता व जागा

१ किलोवॅट क्षमतेच्या संचाला साधारणतः १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. महाराष्ट्रात असा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. स्लॅबच्या किंवा मजबूत पत्र्याच्या छतावर ती बसवता येतात. जुन्या कौलारू इमारतींवर मात्र हे काम अवघड असते. पाण्याची टाकी वा झाड यांची थोडी सावलीही निर्मिती बरीच घटवते.

नेट मीटरिंग

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले. त्यांची जागा २०१९ च्या विनियमांनी घेतली. शिल्लक वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते व पुढील बिलांतून वजा होते. हा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर आणि शाळेला सुट्टी, तर जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आभाळ भरलेले. उन्हाळ्यात साठलेली ही जमा पावसाळ्यात उपयोगी पडते.

मागणीचे व्यवस्थापन

पॅनेलांची क्षमता ठरवण्यापूर्वी मागणी कमी करणे किफायतशीर असते. १२ वर्गखोल्यांत प्रत्येकी ४ पंखे धरल्यास ७५ वॅटच्या जुन्या पंख्यांचा एकूण भार ३.६ किलोवॅट होतो. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावल्यास तो १.४४ किलोवॅटवर येतो. रोज ६ तास वापर धरला तर सुमारे १३ युनिट वाचतात, म्हणजे ३ किलोवॅटच्या संचाची दिवसभराची निर्मितीच. टाकी भरण्याचा पंप सकाळी लवकर न लावता दुपारी चालवणे, संगणक कक्ष व पंप एकाच वेळी न वापरणे, मधल्या सुट्टीत वर्गातील पंखे-दिवे बंद करणे हेही यातच येते. हे शेवटचे काम शिपायापेक्षा विद्यार्थी अधिक निष्ठेने करतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मर्यादा

बॅटरी नसलेला, जाळ्याशी जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. परिणामी भारनियमनाच्या वेळी भर उन्हातही वर्ग अंधारात राहतात. ही बाब शाळांना पुष्कळदा आधी सांगितली जात नाही. थकबाकीमुळे जोडणी तोडलेल्या शाळेतही असा संच निरुपयोगी ठरतो. ग्रामीण जिल्हा परिषद शाळांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर आहे, कारण वीजबिलाचा भार तुटपुंज्या अनुदानावर वा लोकवर्गणीवर पडतो. अशा ठिकाणी बॅटरीसह संच उपयुक्त असतो, परंतु तो महाग पडतो व बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

पॅनेले सुमारे २५ वर्षे टिकतात. इन्व्हर्टर त्याआधीच बदलावा लागतो. धूळ व पक्ष्यांची विष्ठा नियमित धुवावी लागते. छतावर जाण्याचा जिना कुलूपबंद ठेवणे आवश्यक असते.

अध्यापनातील उपयोग

इन्व्हर्टरवरील दैनंदिन युनिटांच्या नोंदींवरून आलेख, सरासरी व शेकडेवारी शिकवता येते. ढगाळ व निरभ्र दिवसांची तुलना हा विज्ञानाच्या प्रकल्पासाठी सोपा विषय आहे.