पाचव्या वर्षाची अट

अमेरिकेत 1904 साली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी’ ही संस्था निघाली, तेव्हा परदेशी माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. एका राज्यात परवाना घेतलेल्या फार्मासिस्टला दुसऱ्या राज्यात औषधं देता येतील का, एवढाच प्रश्न होता. 1965च्या कायद्याने देशनिहाय कोटे मोडीत काढले आणि शिकलेल्या परदेशी व्यावसायिकांना वाट मोकळी झाली. मग भारत, फिलिपिन्स, इजिप्तमधल्या पदव्या पारखण्याचं कामही याच संस्थेकडे आलं.

व्हिसा मिळाला म्हणजे काउंटरमागे उभं राहता येतं, असं नव्हतं. 1980च्या दशकात रुळलेल्या पद्धतीत आधी समकक्षता परीक्षा, मग इंटर्नशिप (कित्येक राज्यांत 1500 तासांची), मग परवान्याची मुख्य परीक्षा आणि त्या त्या राज्याच्या कायद्याचा पेपर. या सगळ्याच्या आधी कागदपत्रं. गुणपत्रकं विद्यापीठाने स्वतः, मोहोरबंद पाकिटातून धाडायची. उमेदवाराच्या हातून आलेली चालत नसत. उमेदवार न्यू जर्सीत असेल, तर इथे विद्यापीठाच्या खिडकीवर खेपा घालायच्या घरच्यांनी.

इंटर्नशिपमध्ये मुंबईच्या किंवा पुण्याच्या पदवीधराला ओळखीची औषधंही नव्याने भेटत. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटअमिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापून देतो. तिथे मोठ्या बाटलीतल्या सुट्या गोळ्या ट्रेवर ओतायच्या, पट्टीने पाच-पाच सरकवत मोजायच्या, तपकिरी डबीत भरायच्या आणि रुग्णाच्या नावाचं लेबल लावायचं. फोनवरून डॉक्टरने भरभर सांगितलेलं प्रिस्क्रिप्शन अचूक उतरवून घ्यायचं, ते वेगळंच. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत पुढे 30पैकी 26 गुणांची अट आली. अट कडक आहे, पण ऐकण्या-बोलण्यातल्या एका चुकीने डोस दहापट होऊ शकतो, हे ध्यानात घेतलं की ती जाचक वाटत नाही.

जाचक ठरली ती तारीख. 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा, असा नियम झाला. भारतातली बी.फार्म. चार वर्षांची. एकाच कॉलेजात, तोच अभ्यासक्रम शिकलेल्यांपैकी 2002च्या तुकडीला परीक्षेला बसता येई. पुढच्या तुकडीला नाही. त्या तुकडीच्या गुणवत्तेत काय कमी झालं होतं?

चार आणि पाच वर्षांच्या या फरकाचं मूळ मात्र जुनं आहे. अमेरिकेने 1932मध्ये चार वर्षांची पदवी सक्तीची केली, 1960मध्ये पाच वर्षांची; नंतर फार्म.डी. ही पदवी आली आणि फार्मासिस्ट वॉर्डात, डॉक्टरांच्या बरोबरीने रुग्णाच्या उपचारात उतरला. त्याच 1932 साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात केली आणि 1937मध्ये बी.फार्म. सुरू झाली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने नुकतीच बाजारातल्या भेसळयुक्त, निकृष्ट औषधांची लक्तरं वेशीवर टांगली होती. देशाला औषधं बनवणारे आणि तपासणारे हात हवे होते, आणि आपल्या बी.फार्म.ने ते दिलेही. पदवीधर कारखान्यात, प्रयोगशाळेत गेले. दुकान बहुतेक डी.फार्म. पदविकावाल्यांनी सांभाळलं. रुग्णाशी गाठ अशी पडलीच नाही. कमी पडलं ते नुसतं एक वर्ष नव्हे, वॉर्डही.

2008मध्ये भारतात सहा वर्षांची फार्म.डी. आली, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बी.फार्म. झालेल्यांना तीच पदवी आणखी तीन वर्षांत मिळू लागली.

ज्यांना तेवढं थांबणं परवडणारं नव्हतं, त्यांतल्या कित्येकांनी कॅनडा गाठला. तिथलं परीक्षा मंडळ 1963चं आणि चार वर्षांची पदवी ते ग्राह्य धरतं. त्यांच्या पात्रता परीक्षेचा एक भाग लेखी आहे. दुसऱ्यात उमेदवार एकेका टेबलाशी जातो, तिथे रुग्णाची भूमिका वठवणारा माणूस बसलेला असतो. मोजक्या मिनिटांत त्याची तक्रार ऐकायची, इतर कोणती औषधं चालू आहेत ते विचारायचं, गोळी कशी घ्यायची ते समजावायचं; परीक्षक शेजारी बसून गुण देत असतो.