शहाणा वेताळ आणि भोळे चिमणराव

कथा अनेक आणि कथेकरी एक, ही रचना आपल्या देशांत फार जुनी आहे. वेताळपंचविशींत राजाच्या खांद्यावरून वेताळ एकामागून एक गोष्ट सांगतो. शुकबहात्तरींत पोपट आपल्या धनिणीला रात्रीमागून रात्र घरांत थोपवून धरतो. पाली जातकांत ५४७ कथा आहेत. त्या सांगणारे स्वतः बुद्ध असून, पूर्वजन्मीं त्या कथेंत आपण कोण होतों, हें ते अखेरीस उघड करतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं वेताळपंचविशी मराठी गद्यांत आणली ती १८३० च्या सुमारास.

या सर्व कथेकऱ्यांत एक गुण समान आहे. ते ऐकणाऱ्याहून शहाणे आहेत. वेताळ राजाची परीक्षा घेतो, पोपट धनिणीचा तोल सांवरतो, आणि बुद्धांविषयीं तर बोलावयासच नको. सांगणाराच भोळा आणि वाचक त्याच्याहून शहाणा, हा पालट मराठींत रुजला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं.

त्याचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. १९०२ सालीं त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला आणि १९१० सालीं 'सुदाम्याचे पोहे' ग्रंथरूपानें निघाले. सुदामा हा सांगणारा. बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्याचे सोबती. मासिकांना ही योजना फार सोयीची होती; ओळखीचा मनुष्य पुन्हां भेटला कीं त्याची नव्यानें ओळख करून द्यावी लागत नसे. कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनीं 'बाळकरामा'च्या रूपानें हीच वाट पुढें नेली. परंतु सुदामा रूढींचें समर्थन करतां करतां त्यांचें हसें करतो, एवढेंच त्याचें मुख्य कार्य. त्याच्या संसाराची काळजी वाचकाला फारशी लागत नाहीं.

ती काळजी लावली चिंतामण विनायक जोशी यांनीं. १८९२ सालीं पुण्यांत जन्मलेले जोशी हे पाली भाषेचे पंडित. बडोद्यास प्रथम अध्यापक आणि नंतर संस्थानच्या राजदफ्तराचे अधिकारी. 'चिमणरावांचें चऱ्हाट' हा त्यांचा संग्रह १९३३ सालचा आणि 'आणखी चिमणराव' १९४४ सालचा. पत्नी कावेरी, म्हणजे काऊ; मुलें मोरू, मैना आणि राघू. असें हें पांखरांचें घरटें, आणि त्याच्या रक्षणास दंडुकेधारी गुंड्याभाऊ! चिमणराव हे पांढरपेशे कारकून. अब्रू मोठी, पगार बेताचा आणि धैर्य त्याहून बेताचें. घरांतील कार्यें, पाहुणे, साहेबाची मर्जी, यांतून जी फजिती होते ती ते स्वतःच्याच तोंडानें सांगतात. ती झांकण्यासाठीं ते जितके शब्द योजतात, तितकी ती अधिक उघडी पडते.

येथें केवळ करमणुकीहून मोठी गोष्ट घडली. इंग्रजी शिक्षणानें वर आलेल्या या वर्गाला टीका नवी नव्हती. सुधारकांनीं त्याला खडसावलें होतें, नाटककारांनीं रंगभूमीवर उभें केलें होतें. पण बाहेरच्यानें मारलेला कोरडा मनुष्य अंगावर घेत नाहीं. तो शेजाऱ्याच्या पाठीवर ढकलतो. चिमणराव कोणालाच कोरडा मारीत नाहींत. ते आपली पाठ दाखवितात, आणि वळ ओळखीचे वाटून वाचक हंसतो.

पुढें १९४० सालीं मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावं करून' या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, आणि १९७७ पासून मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर. दोघांनींहि लोकांना पोट धरून हंसविलें. तथापि पडद्यावर चिमणराव दिसतात ते बाहेरून. पुस्तकांत मात्र त्यांच्याच डोळ्यांनीं सारें पाहावें लागतें. वेताळानें राजाला न्याय करावयास शिकविलें. चिमणरावांनीं एका संकोची समाजाला स्वतःकडे पाहून हंसावयास शिकविलें, आणि हें शिक्षण कमी मोलाचें नाहीं.