सोळा आणे जमीन

सातबारा हातात आला की माणूस आधी नाव बघतो, मग क्षेत्र, मग इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे का ते. क्षेत्राजवळच रुपये-पैशांत ‘आकार’ लिहिलेला असतो, त्याकडे मात्र सहसा कुणी ढुंकून पाहत नाही. ज्या जमिनीला एकरी लाखांची बोली लागते तिच्यापुढे साडेसात रुपये लिहिलेले दिसले, तर त्या आकड्याचे करायचे काय? पण महाराष्ट्रात जमिनीचे मोल ठरवण्याची विद्या कुठून आली हे आजच्या मूल्यांकनाच्या विद्यार्थ्याला समजून घ्यायचे असेल, तर त्याने सुरुवात याच आकड्यापासून करावी. या आकड्याचे आजोळ इंग्लंडमधल्या एका कॉलेजात आहे आणि घर इंदापूरच्या वावरात.

जमिनीची प्रत लावणे इंग्रजांनी शिकवले असे मुळीच नाही. मराठी मुलखात अव्वल, दूम, सीम अशी प्रतबंदी आधीपासून होती. काळी, तांबडी, बरड, चोपण, मुरमाड हे भेद तर कुणब्याच्या पोरालाही पायाखाली कळत. गावाचा वसूल तनखा आणि कमाल या जुन्या ठरलेल्या आकारण्यांवर चाले आणि त्यातला कुणाचा वाटा किती, हे पाटील-कुळकर्णी गावातच बसून ठरवत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले आणि ही घडी विस्कटली. जास्त बोली करणारा मक्तेदार जमीन पाहत नसे, वसुली पाहत असे. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा कंपनी सरकारच्या हाती आलेला मुलूख असा पिळून निघालेला होता. मक्ते बंद करून रयतेकडून थेट सारा घ्यायचा हे ठरले. तो किती घ्यायचा, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर आधीच छापून तयार आहे, असे काही तरुणांना वाटत होते. कंपनीच्या मुलकी नोकरीत जाणारी मुले हर्टफर्डशायरमध्ये हेलीबरीच्या ईस्ट इंडिया कॉलेजात शिकत. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला होते टॉमस रॉबर्ट माल्थस. लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे जगाला ठाऊक असलेले तेच. जमिनीच्या खंडाविषयी त्यांनी १८१५ मध्ये लिहिले, आणि १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोच्या ग्रंथाने तो विचार नेमका मांडला. अगदी निकस जमिनीत पिकवणाऱ्याचा खर्च आणि त्याचा वाजवी नफा एवढेच निघते. त्याहून चांगल्या जमिनीत वर जे उरते, तोच खंड. हा खंड कुणाच्या कष्टाचा नाही, म्हणून सरकारने तो घेतला तरी शेतीचे काही बिघडत नाही. लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या जेम्स मिलना हा सिद्धान्त अगदी पटलेला होता.

हेलीबरीत शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा सिद्धान्त डोक्यात घेऊन दख्खनेत आला. १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागाची पैमाश त्याच्याकडे सोपवण्यात आली. बेत देखणा होता. प्रत्येक शेत मोजायचे, त्याची प्रत ठरवायची, त्या प्रतीच्या जमिनीत एकूण पीक किती येते ते काढायचे, त्यातून बियाणे, बैल, मजुरी, अवजारे असा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातले ५५ टक्के सरकारचे. वर्गातला फळा आणि गावातला बांध यांत काही अंतरच नाही, असे या हिशेबात गृहीत धरलेले होते.

अंतर होते, आणि ते पहिल्या पायरीवरच आडवे आले. बैलजोडीचा खर्च एका शेतावर किती टाकायचा? घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी किती धरायची? पाऊस एक वर्ष पडणार आणि दोन वर्षे दडी मारणार, तर ‘सरासरी’ पीक कोणते? शेकडो गावांतली ही माहिती गोळा करायची होती ती हाताखालच्या अमलदारांनी. ते ती कचेरीत बसून भरत होते आणि प्रत वरखाली करण्यासाठी हात ओले करून घेत होते. गणित बिनचूक होते. गणितात घातलेले आकडे मात्र कुणीही खात्रीने सांगू शकत नव्हते. आधीच धान्याचे भाव उतरलेले, त्यात सारा असा बसला की तो देणेच कुळांना अशक्य झाले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा यांच्यामध्ये वसलेल्या कमी पावसाच्या इंदापूर तालुक्यात हाल सर्वांत वाईट होते. बाकी थकत गेली, कित्येक कुळे गाव सोडून गेली, वावरे पडीक पडली.

१८३५ मध्ये या तालुक्याची पाहणी करायला हेन्री गोल्डस्मिड आला. तोही हेलीबरीचाच विद्यार्थी. त्याच्या जोडीला लष्करी इंजिनिअर जॉर्ज विंगेट आणि लेफ्टनंट नॅश होते. प्रिंगलची पैमाश दुरुस्त करता येईल अशी आशा सुरुवातीला होती. पाहणीत ती मावळली. मग त्यांनी जे केले ते आज साधे वाटते, पण या सगळ्या कुळकथेचा कणा तेच आहे. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न शोधायचा नाद त्यांनी सोडून दिला. या शेतातून किती रुपये उरतात, हे विचारायचेच नाही. हे शेत त्या शेताच्या मानाने किती चांगले, एवढेच विचारायचे.

हे ‘मानाने’ मोजायला त्यांनी माप घेतले ते गावच्या तोंडी असलेले: रुपयाचे सोळा आणे. उत्तम जमीन सोळा आणे. तिच्याखाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन, अशा एकूण नऊ प्रती. प्रत ठरायची ती दोन गोष्टींवरून. पहिली मातीची जात: एकसारख्या बारीक पोताची काळीभोर ते गडद तपकिरी माती पहिल्या वर्गात, तिच्याहून जाडसर आणि फिक्या किंवा तांबूस रंगाची दुसऱ्यात, भरड, खडेदार, भुसभुशीत माती तिसऱ्यात. दुसरी गोष्ट खोली. प्रत लावणारा कारकून शेतात खणून पाहायचा. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे. दर पाव हात खोली कमी झाली की प्रत एक पायरी उतरणार. पाऊस कमी असलेल्या देशावर याला अर्थ होता, कारण माती जितकी खोल तितकी ती ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर येते.

त्यानंतर दोष. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, जमिनीला असलेला उतार, मातीत चिकटपणा नसणे, पाणी न मुरणे, ओढ्या-नदीच्या लोंढ्याने माती वाहून जाणे, पाणी साचून राहणे: असे सात दोष आणि प्रत्येकाला एक खूण. एक दोष सापडला की एक पायरी खाली. शेताचा नकाशा कागदावर काढून त्याचे सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खोली, जात आणि दोषांच्या खुणा लिहायच्या, आण्यांची सरासरी काढायची. वरिष्ठ अधिकारी नंतर त्याच चौकोनात पुन्हा खणून कारकुनाचे काम तपासू शकत होता. प्रिंगलच्या पद्धतीत ही सोय नव्हती. उत्पन्नाबद्दल खोटे सांगता येते. पावणेदोन हातांच्या खड्ड्याबद्दल खोटे सांगितले तर ते दुसऱ्या दिवशी उघडे पडते.

मोजणीची साखळीही अशीच सोयीची होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचेही सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट; असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुण्या-नगरच्या वेशीवर आज ‘गुंठ्याचा भाव’ विचारला जातो, तो याच साखळीने मोजलेला.

आता खरा प्रश्न. सोळा आणे जमीन आणि आठ आणे जमीन यांतले प्रमाण कळले. पण सोळा आण्यांचा सारा किती? तो खणून सापडणारा नव्हता. १८४७ च्या ऑगस्टमध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि त्यांचा सहकारी डेव्हिडसन यांनी मिळून जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यात हे काम वेगळे काढलेले आहे. आसपासच्या सारख्या गावांचा गट करायचा. मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष वसूल, बाकी, लागवड वाढली की घटली, धान्याचे भाव, बाजारपेठ किती लांब, पाऊस किती भरवशाचा, हे सगळे समोर ठेवून त्या गटासाठी एकरी कमाल दर ठरवायचा. मग तो आण्यांनी खाली वाटायचा. समजा कमाल दर एकरी एक रुपया ठरला. तर दहा आणे प्रतीच्या बारा एकर शेताचा आकार झाला साडेसात रुपये. हा दर तीस वर्षे कायम. मधल्या काळात शेतकऱ्याने विहीर पाडली, बांध घातला, तरी सारा वाढायचा नाही.

म्हणजे या एका आकड्यात दोन आकडे आहेत. दहा आणे हे माप आहे. एक रुपया हा निर्णय आहे. प्रिंगलच्या गणितात निर्णयही मापाच्या वेषात आलेला होता, म्हणून तो चुकला तेव्हा चूक कुठे आहे हेच दिसेना. इंदापूरच्या पद्धतीत दोन्ही वेगळे राहिले. ती मुंबई इलाखाभर, पुढे वऱ्हाडात आणि म्हैसुरातही गेली.

निर्णयाचा भाग मात्र चुकतच राहिला. इंदापूरची तीस वर्षे १८६७ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणी झाली. मधल्या वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस सोन्याच्या भावाने गेला होता आणि सगळेच भाव चढलेले होते. त्या चढत्या भावांवर नजर ठेवून सारा भरमसाट वाढवला गेला आणि भाव उतरले तेव्हा तो मानेवर बसला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. त्यामागे कर्ज, कापसाची मंदी अशी अनेक कारणे होती, पण वाढीव सारा त्यांतून वगळता येत नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतिराव फुल्यांनी दर तीस वर्षांच्या पैमाशीवर कोरडे ओढले ते याच अनुभवातून. तेजीचा भाव कायमचा धरून मोल काढणे, ही मूल्यांकनातली चूक तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा होत आली आहे.

बारडोलीत चूक दुसऱ्या बाजूने झाली. तिथली फेरआकारणी करताना खंडाच्या करारांचे आकडे पुरावा म्हणून धरले गेले आणि सरकारने २२ टक्के वाढ लावली. १९२८ चा सत्याग्रह झाला, वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली. खंडाचे करार पारखून न घेताच बेरजेत धरले होते, हे तिच्यात दिसून आले. वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. तुलनेसाठी घेतलेला प्रत्येक व्यवहार आधी स्वतः तपासावा लागतो, हा धडा मूल्यांकनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून बारडोलीने चांगला दिला.

स्वातंत्र्यानंतर जमीन महसुलाचे महत्त्व ओसरले. आकार मात्र मेला नाही. त्याला नवीच कामे लागली. १९४८ च्या कूळकायद्याने, पुढच्या दुरुस्तीनंतर, खंडाची कमाल मर्यादा आकाराच्या पाच पट किंवा एकरी वीस रुपये, यांतले जे कमी ते, अशी बांधली. मग १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन उजाडला, कसणारी कुळे मालक मानली गेली, आणि साधारण कुळाने द्यायची किंमत ठरली आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान. योगायोग असा की त्याच दिवशी देशात दशमान नाणी चालू झाली आणि साडेसात रुपयांतले आठ आणे पन्नास पैसे झाले. मधल्या फेरआकारण्यांत आपला आकडा वाढला असता, पण हिशेबापुरता तोच धरू: बारा एकरांची किंमत दीडशे ते पंधराशे रुपये. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने, कूळकायद्याने मिळालेली जमीन दहा वर्षांनंतर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विकण्याची वाट मोकळी झाली. आपल्या शेतासाठी तो होतो तीनशे रुपये.

यावर हसू येते खरे, पण हसणाऱ्याने एक पाहावे. कायदे करणाऱ्यांना बाजारभाव ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी आकार घेतला नाही. गावागावांत, शेताशेतांत एकाच मापाने लावलेला, वाद न घालता वापरता येईल असा दुसरा आकडा त्यांच्याकडे नव्हता. पट किती हा दरवेळी निर्णय होता, आणि तो लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळात उघडपणे झाला.

आज या विद्येला पुन्हा कॉलेजचे दार उघडले आहे. बारडोलीच्या नेत्याचे नाव असलेल्या वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात मूल्यांकनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१७ च्या नियमांनुसार जमीन-इमारतींचा नोंदणीकृत मूल्यांकक व्हायचे तर स्थापत्य, वास्तुरचना किंवा नगररचना अशी पदवी आणि अनुभव, पन्नास तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा हे सगळे लागते. तिथे शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींत जुने दोन्ही वारसे सापडतात. भाड्याचे उत्पन्न काढून, खर्च वजा करून, उरलेल्यावरून किंमत काढणारी पद्धत प्रिंगलच्या वळणाची आहे. शेजारच्या विक्रीशी ताडून रस्ता, आकारमान, मजला यांसाठी कमी-जास्त करणारी पद्धत गोल्डस्मिड-विंगेटच्या वळणाची. उत्पन्नाच्या हिशेबात भांडवलीकरणाचा दर अर्ध्या टक्क्याने हलवला की इमारतीची किंमत कोट्यवधींनी हलते, आणि तो दर कुठल्याही भिंतीत खणून सापडत नाही.

म्हणून अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला इंदापूरकडून घेण्यासारखे तंत्र नाही, शिस्त आहे. मोजलेले एका रकान्यात लिहावे, ठरवलेले दुसऱ्या. पहिल्याची तपासणी कुणीही खड्डा खणून करू शकेल असे ते हवे. दुसऱ्याखाली ठरवणाऱ्याने आपली कारणे लिहून सही करावी. बँकेसमोर, न्यायालयासमोर किंवा भूसंपादनात घर जाणाऱ्या कुटुंबासमोर तो अहवाल जाईल, तेव्हा वाद कशावर घालायचा हे त्यांना निदान कळेल.