सुचविलेली किंमत

अमेरिकेत विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक नव्या मोटारगाडीच्या काचेवर एक छापील कागद चिकटवलेला असतो. गाडी कोणत्या बनावटीची, तिचा क्रमांक काय, ती कोणत्या कारखान्यात जुळवली गेली, कोणत्या विक्रेत्याकडे कशी पोचली, मूळ किंमत किती, जादा साधनांची किती, वाहतुकीचा खर्च किती आणि अखेरीस एकूण रक्कम किती, हे सारे त्यावर नोंदलेले असते. गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत हा कागद दुसऱ्या कोणी काढणे हा गुन्हा आहे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली झालेल्या कायद्याचे हे फळ. म्हणून या कागदाला आजही 'मनरोनी' असेच म्हणतात. एका लोकप्रतिनिधीचे नाव पुतळ्याऐवजी काचेवरच्या चिठ्ठीला मिळावे, हा प्रकार आम्हांस मोठा आवडतो.

परंतु आमचे लक्ष त्या कागदावरील एका विशेषणाकडे आहे. एकूण रकमेचे वर्णन तेथे 'उत्पादकाने सुचविलेली किरकोळ विक्रीची किंमत' असे केलेले असते. सुचविलेली, ठरविलेली नव्हे. आपल्याकडे बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली रक्कम ही कमाल किंमत असते आणि तिच्यावर एक रुपया जास्त घेणारा दुकानदार कायद्याने दोषी ठरतो. त्या सवयीने जो मराठी वाचक अमेरिकेतील गाडीच्या काचेकडे पाहील तो फसेल. तेथे विक्रेता सुचविलेल्या किमतीहून कमीही घेऊ शकतो आणि हवे तितके अधिकही. मोजक्याच संख्येने काढलेल्या वेगवान गाड्यांच्या बाबतीत तो अधिक घेतो, आणि त्यासाठी मनरोनीच्या शेजारी स्वतःचा दुसरा कागद लावतो. त्यावर 'बाजारानुसार समायोजन' अशा अर्थाचे शब्द असतात व पुढे दहा हजार, पन्नास हजार, क्वचित लाख डॉलरचा आकडा. समायोजन या शब्दातील निष्पाप तटस्थता पाहण्यासारखी आहे. जणू कोणी काही मागितलेच नाही. काटा आपोआप सरकला.

हा दुसरा कागद कोठून आला, हे समजण्यासाठी पहिला कागद कशासाठी आला हे पाहिले पाहिजे, आणि येथेच इतिहासाची पहिली गंमत आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेतील नागरी गाड्यांचे उत्पादन थांबले व १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाले. तीन वर्षांची तहान साचलेली होती. नवी गाडी मिळवण्यासाठी टेबलाखालून पैसे देणे, नको असलेल्या साधनांसकट गाडी घेणे, जुनी गाडी मातीमोलाने विक्रेत्याच्या पदरात टाकणे, हे सर्व प्रकार तेव्हा घडले. तथापि मनरोनींचा कायदा या लुटीतून जन्मलेला नाही. तो जन्मला तिच्या उलट परिस्थितीतून. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास कारखान्यांनी गाड्यांचा पूर आणला, विक्रेत्यांच्या अंगणात त्या उभ्या राहिल्या, आणि खपवण्यासाठी विक्रेत्यांनी युक्ती काढली: आधी किंमत मनानेच फुगवायची आणि मग उदारपणे सूट द्यायची. ग्राहकाला मूळ किंमतच ठाऊक नसल्याने सूट खरी की खोटी हे कळण्यास मार्ग नव्हता. कायद्याने तो मार्ग दिला. खोट्या औदार्याचा मुखवटा काढण्यासाठी जो आकडा काचेवर आला, त्याच आकड्याला पुढच्या पिढीने उघड हावरेपणाची पहिली पायरी केले. कायद्याला चोर माहीत होता. दरोडेखोराची त्याने कल्पना केली नव्हती.

मग कायद्याने 'सुचविलेली' हा शब्द ठेवलाच का? कारण दुसरा शब्द ठेवणे तेव्हा अवघड होते. मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० सालचा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये डॉक्टर माइल्स या औषधकंपनीच्या खटल्यात ठरवले, की एकदा माल व्यापाऱ्याला विकल्यावर तो त्याने किमान इतक्या किमतीस विकावा अशी सक्ती उत्पादकाला करता येणार नाही. हे ग्राहकाच्या हिताचे होते, कारण स्वस्त विकणाऱ्याचा हात मोकळा राहिला. पण तर्क एकदा रुळावर आला की थांबत नाही. १९६८ मध्ये सेंट लुइस येथील एका वृत्तपत्राचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. आल्ब्रेख्त नावाचा विक्रेता सुमारे १,२०० घरी 'ग्लोब-डेमोक्रॅट' हे पत्र टाकत असे, आणि मालकांनी आखलेल्या कमाल दरापेक्षा जास्त पैसे घेत असे. मालकांनी त्याच्या गिऱ्हाइकांकडे दुसरा माणूस पाठवला. न्यायालयाने निकाल दिला तो आल्ब्रेख्तच्या बाजूने! उत्पादकाने कमाल किंमत लादणे हेही किमान किंमत लादण्याइतकेच, आणि कोणतीही सबब न ऐकता, बेकायदा ठरले. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले: किमान किंमत ग्राहकाला पिळते आणि कमाल किंमत त्याला वाचवते, दोहोंना एका तागडीत कसे घालता?

आमच्या मते हा प्रश्न अत्यंत साधा आणि बिनतोड होता, आणि तरीही तो मान्य होण्यास एकोणतीस वर्षे लागली. १९९७ मध्ये इलिनॉयमधील एका पेट्रोलपंपाच्या वादात न्यायालयाने १९६८ चा निकाल मोडीत काढला व कमाल किमतीचा प्रश्न प्रत्येक प्रकरणाच्या गुणदोषांवर तपासावा असे सांगितले. (२००७ मध्ये १९११ चा निकालही गेला.) दरम्यानच्या काळात मात्र डेट्रॉइटच्या कंपन्यांना, त्यांची कितीही इच्छा असती तरी, विक्रेत्याला 'याहून जास्त घेऊ नकोस' अशी आज्ञा करणे धोक्याचे होते. सुचवणे एवढेच त्यांच्या हाती होते. 'सुचविलेली' हा शब्द म्हणजे सौजन्य नव्हे. ती कायद्याने घातलेली मर्यादा होती.

त्याच तीन दशकांच्या काळात मर्यादित आवृत्तीच्या गाडीचा खेळ रंगला. १९७८ हे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीचे पंचविसावे वर्ष. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत आघाडीची गाडी म्हणून कॉर्व्हेटची निवड झाली आणि तिच्या प्रतिकृती विकण्याचे ठरले. वर काळा, खाली रुपेरी रंग. आत रुपेरी कातडे. दारांवर लावायची अक्षरे वेगळी बांधून दिलेली, लावायची की नाही हे मालकाने ठरवायचे. आरंभी विचार होता काही शे गाड्यांचा. मग प्रत्येक विक्रेत्याला निदान एक तरी मिळावी म्हणून आकडा वाढत गेला आणि शेवटी ६,५०२ गाड्या निघाल्या. सुचविलेली किंमत १३,६५३ डॉलर. साधी कॉर्व्हेट त्या वर्षी ९,३५२ डॉलरच्या आसपास होती. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने या गाडीभोवती जमलेल्या सट्ट्याची बातमी छापली आणि सट्टा दुप्पट जोमाने पेटला. मागणारे दुप्पट मागू लागले, देणारे देऊ लागले. साध्या कॉर्व्हेटला काळा-रुपेरी रंग फासून तिला खरी म्हणून विकणारेही निघाले. खऱ्या गाड्यांना वेगळी क्रमांकमालिका दिलेली असल्याने ते उघडे पडत.

पुढे काय झाले हे सांगण्यात कोणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. हजारो लोकांनी एकच हिशेब मांडला होता: गाडी चालवायची नाही, झाकून ठेवायची, मुलांच्या शिक्षणाच्या वेळी काढायची. जी वस्तू सर्वांनीच जपून ठेवली ती दुर्मीळ कशी होणार? आजही न वापरलेल्या त्या वर्षीच्या गाड्या बाजारात येत राहतात, आणि महागाई जमेस धरता बहुतेकांचा हिशेब तोट्याचाच ठरतो. विक्रेत्याने घेतलेली वरकड रक्कम मात्र १९७८ मध्येच रोखीने त्याच्या खिशात गेली होती. गुंतवणुकीचा धोका ग्राहकाकडे आणि नफा आधीच तिसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे, आणि या व्यापाराबद्दलचा आमचा मुख्य आक्षेप महागपणाला नसून या वाटणीला आहे.

१९९० मध्ये कॉर्व्हेटचेच 'झेडआर-१' हे रूप आले. त्याचे इंजिन लोटस कंपनीने रचलेले आणि ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे बांधलेले, म्हणजे साक्षात मनरोनींच्या राज्यात. सुचविलेली किंमत ५८,९९५ डॉलर. काही विक्रेत्यांनी लाखाच्या घरात मागणी केली. पण कंपनी ही गाडी १९९५ पर्यंत काढत राहिली, एकूण ६,९३९ निघाल्या, आणि पहिल्या वर्षी घाई करणाऱ्यांच्या हाती पश्चात्ताप आला.

येथे मराठी वाचकाला स्वतःच्या घरातील एक शब्द आठवेल: 'ऑन'. परवान्यांच्या काळात बजाजच्या चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि ज्याचा नंबर आला तो कोरी स्कूटर 'ऑन' घेऊन विकू शके. पण साम्य येथेच संपते. आपल्याकडची टंचाई शासनाच्या परवान्याने घडवलेली होती आणि स्कूटर ही नोकरदाराची गरज होती. कॉर्व्हेटची टंचाई कारखानदाराने स्वतः, जाहिरात म्हणून घडवली. किती गाड्या काढायच्या हे त्याने ठरवले आणि तो आकडा अभिमानाने छापला. आपल्याकडे फरकाची रक्कम बहुधा रांगेतील माणसाच्या हाती पडे, तेथे ती रांगेच्या तोंडाशी बसलेल्या विक्रेत्याच्या हाती पडते. म्हणून अमेरिकेतील मोटारप्रेमी जेव्हा सगळा राग विक्रेत्यावर काढतात तेव्हा आम्हांस तो अपुरा वाटतो. दुष्काळ पाडणारा वेगळा आहे. विक्रेता फक्त पाण्याचा भाव सांगतो.

१९९७ नंतर कंपन्यांना कायद्याने थोडा वाव मिळाला, तरी त्यांनी सरळ मनाई क्वचितच केली. विक्रेते हे स्वतंत्र व्यावसायिक. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने अन्याय्य रीतीने करार मोडणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचण्याचा हक्क त्यांना दिला, आणि बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी त्यांचे स्थान आणखी पक्के केले. त्यामुळे कंपन्या आडवाटेने गेल्या. २०१७ मध्ये डॉजने 'डेमन' ही गाडी आणली: अमेरिकेसाठी ३,०००, कॅनडासाठी ३००, सुचविलेली किंमत ८४,९९५ डॉलर. ज्या विक्रेत्याने सुचविलेल्या किमतीस किंवा तिच्या आत गाडी विकली असेल त्याची मागणी आधी पुरवली जाईल, असे कंपनीने जाहीर केले. जास्त घेण्यास बंदी नव्हती; जास्त घेणाऱ्याने थांबायचे, इतकेच.

फोर्डने 'जीटी' या गाडीसाठी विक्रेत्याला वगळून ग्राहकालाच बांधण्याचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये पहिल्या ५०० गाड्यांसाठी इच्छुकांकडून अर्ज मागवले, साडेसहा हजारांवर अर्ज आले, आणि निवडलेल्यांना अट घातली की दोन वर्षे गाडी विकायची नाही. कुस्तीपटू व नट जॉन सीना यांनी ती काही आठवड्यांत विकली म्हणून फोर्डने २०१७ च्या अखेरीस त्यांच्यावर दावा केला. सीनांचा बचाव साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखा होता: विक्रेत्याबरोबर झालेल्या अंतिम खरेदीपत्रात ती अटच लिहिलेली नव्हती! २०१८ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी आणखी एक जीटी लिलावास निघाली, फोर्डने ती रोखण्याचा प्रयत्न केला, न्यायालयाने नकार दिला आणि ती अठरा लाख डॉलरला विकली गेली. वरकड रक्कम नाहीशी होत नाही. तिचा धनी तेवढा बदलतो.

ही सगळी धनिकांची करमणूक म्हणून सोडून देता आली असती. पण २०२१ मध्ये चिपांच्या तुटवड्याने साध्या गाड्याही मर्यादित आवृत्तीच्या झाल्या, आणि वेगवान गाड्यांवर मुरलेली रीत कुटुंबाच्या गाडीपर्यंत उतरली. एडमंड्स या संस्थेच्या पाहणीनुसार जानेवारी २०२२ मध्ये ८२ टक्क्यांहून अधिक ग्राहकांनी सुचविलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजले. वर्षभरापूर्वी हे प्रमाण ३ टक्क्यांच्याही आत होते. कामावर जाण्यासाठी ज्याला गाडी हवी होती त्याच्याही काचेवर आता दुसरा कागद होता. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी विक्रेत्यांना समज दिली, पुरवठा वळवण्याची भाषा केली. कॉर्व्हेटच्या नव्या 'झेड०६'साठी तर जनरल मोटर्सने मालकालाच लाच म्हणावी असे आमिष दाखवले: गाडी बारा महिने जवळ ठेवा आणि पाच लाख बक्षीसगुण, म्हणजे पाच हजार डॉलरचे मोल, घ्या, लवकर विकलीत तर हमी पुढच्या मालकाकडे जाणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने नवा नियम काढला. त्यातही चढ्या किमतीला बंदी नव्हतीच. गाडी प्रत्यक्ष कितीला मिळेल तो पूर्ण आकडा विक्रेत्याने आधी सांगावा, एवढेच त्याचे मागणे. म्हणजे मनरोनींचेच ६५ वर्षांपूर्वीचे मागणे, दुसऱ्या कागदालाही लागू केलेले. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. नियम करताना आयोगाने आवश्यक ती पूर्वसूचना दिली नाही, या कारणास्तव जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने तो रद्द केला. मनरोनींचा कागद अर्थातच काचेवर आहे, आणि त्यावरचे विशेषणही.