बोर्डिंगातल्या मुलांची आई

मुलाला शिक्षणासाठी बाहेर ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा. गेल्या जूनमध्ये धाकट्याच्या वसतिगृहाची फी भरायला माझ्या पाटल्या मोडल्या. दोन दिवस घास गोड लागला नाही. तेव्हा कै. लक्ष्मीबाई पाटलांची आठवण झाली.

त्यांचे यजमान कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू केले. खेड्यापाड्यातली गरीब मुले, सर्व जातींची, एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

नाव मोठे झाले, पण रोजच्या पिठामिठाचे काय? लक्ष्मीबाई सोवळे पाळणाऱ्या जैन घरातल्या. तरी त्यांनी त्या मुलांना पोटच्यासारखे वाढवले. दागिने एकेक करून गेले. एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. १९३२ साली आपल्या पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, ते पाहायला त्या राहिल्या नाहीत.

माझ्या पाटल्या माझ्याच मुलासाठी गेल्या. त्यांचे सोने लोकांच्या लेकरांसाठी गेले. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालीत. आता आपण मंडळाच्या बायकांनी दरमहा घरखर्चातून थोडे बाजूला काढून एका तरी मुलीची वसतिगृहाची फी भरावी, एवढीच विनंती.