अस्पृश्याचे दुकान आणि सवर्णांचे गिऱ्हाईक

दान आणि सौदा या दोन कृतींत अधिक उदार कोणती, असा प्रश्न केल्यास बहुतेक सुशिक्षित मंडळी दानाकडेच बोट दाखवतील. आपल्या प्रांताचा गेल्या शतकाचा इतिहास पाहता मात्र हे उत्तर पुन्हा तपासून घेणे अवश्य वाटते. दान देताना देणाऱ्याचा हात वर राहतो. सौद्यात दोघांचे हात एका पातळीवर येतात. म्हणूनच अस्पृश्यांना अन्नवस्त्र देण्यास सिद्ध असलेला समाज त्यांच्या दुकानाची पायरी चढण्यास फार काळ धजला नाही.

आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण घ्या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. ज्या गाडगे महाराजांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाशी देह ठेवला, त्यांनी पंढरपुरी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली होती. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत अन्नपाण्याबरोबर बेकारांना रोजगार देण्याचाही आदेश आहे. मंदिर, विहीर, धर्मशाळा ही सारी द्वारे मोलाचीच. परंतु तेथे अस्पृश्य हा आत येणारा होता. तोच विकणारा झाला म्हणजे काय होते, हा प्रश्न निराळा आहे.

त्याचा अनुभव खुद्द आंबेडकरांनी घेतला. विलायतेहून १९१७ साली परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला. सल्ला घेणारे येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच त्यांचे येणे थांबले आणि व्यवसाय बंद पडला. विद्येत उणे काही नव्हते, सल्ल्याला विटाळ होण्याचाही संभव नव्हता; तरी गिऱ्हाईक फिरले.

याच्या उलट उदाहरण कोल्हापुरात घडले. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतील नोकर. पाण्याच्या हौदास शिवल्याच्या आरोपावरून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणारांस शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. त्यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणाऱ्या या राजास हुकमाची शक्ती ठाऊक होती. तिची मर्यादाही ठाऊक असावी. विहीर हुकमाने खुली होते, गिऱ्हाईक हुकमाने येत नाही. त्यास कोणीतरी आधी पेला उचलून दाखवावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली दुकाने व उपाहारगृहे सर्वांस खुली केली. परंतु हा अधिकार आत जाणाऱ्याचा आहे; दुकान मांडून बसलेल्या दलिताकडे इतरांनी जावे, असे कोणताही कायदा म्हणू शकत नाही. सरकार स्वतः मात्र गिऱ्हाईक होऊ शकते. म्हणून २०१२ साली केंद्राने आपल्या खात्यांच्या व उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठरवून दिला.

यावर आक्षेप असा की, माल पाहावा, विक्रेत्याची जात पाहू नये. तत्त्व निर्दोष आहे. परंतु ज्यांनी शतकानुशतके जात पाहूनच खरेदी टाळली, त्यांनी हे तत्त्व नेमके आताच आठवावे, यात न्यायापेक्षा सोय अधिक दिसते. बाजार आरंभापासून मोकळा असता, तर कोल्हापूरच्या छत्रपतींस चहासाठी गाडी थांबवण्याचे कारणच पडले नसते. निकृष्ट माल दयेने घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. दयेची खरेदी म्हणजे पुन्हा दानच. मागणे एवढेच की, माल पारखण्यापूर्वीच पाऊल मागे वळू नये. दानधर्माचा हिशेब आपण आवडीने ठेवतो. घरखर्चाच्या वहीत कोणाकोणाची नावे आजवर कधीच आली नाहीत, हेही प्रत्येक घराने एकदा उघडून पाहावे.